बाबांचे शेकरू

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबर महिन्यातील एका रविवारी सकाळी धाकट्या भावाचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला. तो विनिपेगला राहतो. त्या आठवड्यात तो सहकुटुंब चर्चिल नावाच्या गावी पांढरी अस्वले पाहून आला होता. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर वसलेल्या या गावाला बाहेरून येणारा रस्ताच नाही. विमानाने जायचे, नाहीतर दोन रात्री आगगाडीत काढायच्या. वस्ती जेमतेम हजाराच्या आतली. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र गोठण्याची वाट पाहत अस्वले तिथे किनाऱ्यावर गोळा होतात. माणसाच्या छातीएवढ्या उंच चाकांच्या गाडीतून वाटाडे पाहुण्यांना त्यांच्याजवळ घेऊन जातात. गाडीतून खाली उतरायची मात्र कोणालाही परवानगी नसते.

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर कर्जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलेले गुरुजी. मुलाच्या प्रत्येक वाक्यावर त्यांचा एक प्रश्न तयार होता.

"बर्फ नसतो तेव्हा खातात काय रे ती?"

"जवळजवळ काहीच नाही, बाबा. सील मासे बर्फावरूनच पकडता येतात. समुद्र गोठला नाही तर उपास. दिवसाला किलोभर वजन उतरतं म्हणे."

"आणि गावात शिरली तर?"

"शिरतात की. म्हणून तिथले लोक घराची आणि गाडीची दारं उघडी ठेवतात, वेळ आली तर कोणालाही आत शिरता यावं म्हणून. गावात आलेल्या अस्वलाला पकडून काही दिवस कोंडून ठेवतात आणि मग लांब नेऊन सोडतात."

बाबा बराच वेळ पडद्यावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "टुंड्रा प्रदेश मी पस्तीस वर्षं शिकवला. फळ्यावर अस्वल काढायचो. पांढऱ्या खडूनं काढायला सर्वांत सोपा प्राणी. एकदा खराखुरा बघायचाय मला."

भाऊ लगेच म्हणाला, "या की! पुढच्या वर्षी मी घेऊन जातो."

मी फोन हातात घेतला आणि विषय बदलला.

त्या रात्री भावाशी मी स्वतंत्रपणे बोलले. बाबांची सहा वर्षांपूर्वी झालेली अँजिओप्लास्टी, बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, उजव्या गुडघ्याची झीज, विमानातले वीसहून अधिक तास, शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरणारे तापमान, मोठे रुग्णालय हजार किलोमीटर दूर विनिपेगला. डॉक्टर म्हणून मी सांगितलेल्या प्रत्येक कारणात तथ्य होते आणि आजही माझे ते मत बदललेले नाही. भावाला ते पटले. दुसऱ्या दिवशी बाबांनाही मी हीच यादी ऐकवली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, "बरं," एवढेच म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडले.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत बाबांचे बोलणे कमी झाले. उल्हास नदीच्या पुलापर्यंतची संध्याकाळची फेरी बंद पडली. जेवणात अर्धी भाकरी उरू लागली. वाचकहो, घरात डॉक्टर असण्याचा एक तोटा असा, की अशा वेळी तो आधी तपासण्या करतो. मी हिमोग्लोबिन, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासून घेतले. वृद्धांच्या उदासीनतेमागे ही कारणे पुष्कळदा असतात आणि तपासण्या करणे योग्यच होते. सगळे अहवाल ठीक आले.

निदान केले ते आमच्या मावशींनी. मी दवाखान्यात असते तेव्हा बाबांसोबत त्याच असतात. भांडी आवरता आवरता त्या म्हणाल्या, "ताई, गुरुजींना तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणता. आता ते विचारायचंच बंद झालेत."

मी रात्री बसून आठवू लागले. त्या एका महिन्यात मी बाबांना कशाकशाला नकार दिला होता? काशेळ्याला जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचे लग्न होते, पण एस.टी.त दगदग नको, म्हणून नाही. माळ्यावरची पुस्तकांची पेटी काढायची होती, पण शिडीवर चढायचे नाही. एकट्याने नदीवर जायचे नाही. लोणचे नाही. आणि वर पांढरे अस्वल. प्रत्येक नकार एकेकटा घेतला तर समर्थनीय होता. सगळे एकत्र केल्यावर मात्र माझ्या वडिलांकडे दिवसभरात करण्याजोगे उरले होते ते औषधे वेळेवर घेणे.

मी उपाय शोधला आणि तोही चुकीचा. "बाबा, आपण कर्नाळ्याला जाऊ या का? पक्षी अभयारण्य जवळच आहे, गाडी थेट प्रवेशद्वारापर्यंत जाते." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "अस्वल मागितलं म्हणून चिमणी दाखवतेस? अगं, मी पेशंट असेन, पण लहान मूल नाही."

चार-पाच दिवसांनी ते आपणहून माझ्या खोलीच्या दाराशी आले. "अस्वलाचं राहू दे. ते मलाही कळतं. पण एक सांगतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता, हा प्रश्न मी किती मुलांना विचारला असेल याची गणती नाही. उत्तर शेकरू. खांडसच्या शाळेत होतो तेव्हा पोरं मला शेकरूच्या गोष्टी सांगायची. वर भीमाशंकरच्या रानात पाहिलंय म्हणायची. दोनदा मीही गणेश घाटानं चढून गेलो, शिवरात्रीला. गर्दीत कसलं शेकरू दिसतंय? मी ते आजवर पाहिलेलं नाही. फळ्यावर लिहिलं आणि पाहिलं नाही, असा प्राणी तरी जवळचा आहे."

या वेळी मी कारणांची यादी काढली नाही. म्हटले, "महिनाभर तयारी करावी लागेल. जमेल?"

"मी मास्तर आहे," बाबा म्हणाले. "वेळापत्रक दे."

भीमाशंकर कर्जतकरांच्या अगदी डोक्यावर आहे. खांडसहून गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने माणसे पायी चढतात. मात्र गाडीने जायचे तर खोपोली, लोणावळा, तळेगाव, चाकण, मंचर, घोडेगाव, डिंभे असा मोठा वळसा पडतो आणि डोक्यावरचा डोंगर दीडशे किलोमीटरांहून दूर जातो. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरांचे असून पुणे, ठाणे आणि आपला रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. भीमा नदी तिथे उगम पावते. त्या माथ्यावर पूर्वेकडे पडलेला पावसाचा थेंब पंढरपूरला वळसा घालून कृष्णेला मिळतो, तर पश्चिमेकडे पडलेला कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो.

खांडस भागातला माझा एक रुग्ण आहे. त्याचा पुतण्या गिर्यारोहकांसोबत वाटाड्या म्हणून जातो. त्याला विचारले, तेव्हा कळले की त्याचे वडील बाबांच्याच हाताखाली चौथी पास झाले आहेत. "गुरुजींसाठी मी आदल्या दिवशी वर येऊन थांबतो," तो म्हणाला. आम्हाला गाडीने सबंध दिवस लागणार होता. तो पायी चढून दुपारच्या जेवणापर्यंत पोचणार होता.

आता तयारीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण दवाखान्यात हाच प्रश्न अनेक जण विचारतात.

हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर प्राणवायू कमी पडण्याची चिंता नसते. चिंता चढाची आणि थंडीची. म्हणून पहिले तीन आठवडे बाबा रोज चालले. आधी दहा मिनिटे, मग पंधरा, मग पंचवीस. घरच्या घरी करण्याजोगी कसोटी सोपी आहे. चालता चालता एक संपूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. मध्येच धाप लागून वाक्य तुटले, तर वेग कमी करायचा. छातीत दडपण आले, चक्कर आली किंवा पावलांवर नवी सूज दिसली, तर प्रवासाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवायचे. बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांची भेट घेऊन त्यांची संमतीही घेतली.

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि लघवीही जास्त होते. तहान मात्र कमी लागते. वारंवार जावे लागेल या संकोचाने वृद्ध माणसे प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो. बाबांना मी आधीच सांगितले, की दर तासाला गाडी थांबेल. कारण काही का असेना, थांबेल. कोणी थांबा मागण्याची गरज उरली नाही, की संकोचही उरत नाही.

वयानुसार शरीराची हुडहुडी भरण्याची शक्ती मंदावते. त्यामुळे आजी-आजोबा कुडकुडत नाहीत याचा अर्थ त्यांना थंडी वाजत नाही असा घेऊ नये. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण ऊन चढले की एकेक काढता येतो. कान आणि डोके झाकलेले हवे. दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या रुग्णांनी नाकातोंडावरून मऊ रुमाल घ्यावा, म्हणजे श्वासाबरोबर आत जाणारी हवा थोडी उबदार होते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत आणि गरम पाण्याची पिशवीही पायाला लावू नये. भाजल्याचे कळतच नाही. असे पाय मी दर हिवाळ्यात दवाखान्यात पाहते.

औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवली, निम्मी बाबांच्या खिशातल्या पाकिटात आणि निम्मी माझ्या पर्समध्ये. सोबत आजारांची व औषधांची चिठ्ठी, श्रवणयंत्राचे जादा सेल, साखर मोजण्याचे यंत्र आणि ग्लुकोजची पुडी घेतली. घोडेगाव आणि मंचर येथील सरकारी रुग्णालयांचे अंतर पाहून ठेवले. एवढी सगळी तयारी करणाऱ्या मीच पुढे चूक केली, ती आता सांगते.

आम्ही डिसेंबरातल्या एका मंगळवारी निघालो. आठवड्याचा मधला दिवस मुद्दाम निवडला होता. सोमवारची आणि सुट्ट्यांची गर्दी टाळायची होती. संध्याकाळी पोचलो. मंदिराकडे उतरणाऱ्या पायऱ्या पुष्कळ आहेत. बाबांनी वरूनच हात जोडले आणि म्हणाले, "गुडघ्याची पुण्याई उद्यासाठी राखून ठेवू." रात्री लवकर झोपलो.

पहाटे सहाला उठलो तेव्हा थंडी दहा-बारा अंशांची असावी. चहा झाला. सवयीप्रमाणे मी बाबांना सकाळची गोळी दिली. साखरेची ही गोळी न्याहारीच्या आधी किंवा न्याहारीबरोबर घ्यायची असते. वाटाड्याने सांगितले होते, की तासाभरात परत येऊ. न्याहारी परत आल्यावर करायची ठरली. सोबत दोन बिस्किटे खाल्लेली होतीच.

शेकरू सकाळी आणि संध्याकाळी वावरते, दुपारच्या उन्हात फांदीवर पसरून स्वस्थ पडते. त्यामुळे उजाडता उजाडता रानात असणे आवश्यक होते. वाटाड्याने आम्हाला एका सपाट पायवाटेने नेले. दोन्ही बाजूंना अंजनी, जांभूळ, हिरडा, मध्येच एखादा जुना आंबा. तो कुजबुजत्या आवाजात दाखवत होता आणि बाबा ऐकत होते. पस्तीस वर्षांच्या शिक्षकाने विद्यार्थ्याच्या मुलापुढे विद्यार्थी व्हावे, याचा त्या दोघांनाही संकोच नव्हता.

"ते बघा गुरुजी, वर बेचक्यात काटक्या-पानांचा गोळा. घरटं. एकच शेकरू अशी चार-सहा बांधतं. एकात पिल्लं आणि बाकीची झोपायला, लपायला."

"जमिनीवर उतरतं का?"

"सहसा नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फुटांची उडी मारतं. फांदीला फांदी लागलेली पाहिजे. मध्ये झाडं तोडली, तर पलीकडचं रान त्याच्यासाठी नसल्यासारखंच."

बाबा थांबले. "म्हणजे तिकडच्या अस्वलाला जसा बर्फ, तशी याला फांदी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ सांगत होता ना, बर्फ उशिरा धरतो आणि लवकर वितळतो, म्हणून अस्वलं कमी होत चाललीत." भावाने ते आकडेही पाठवले होते. हडसन उपसागराच्या त्या पश्चिम भागात २०१६ मध्ये सुमारे ८४२ अस्वले असल्याचा अंदाज होता, तर २०२१ च्या हवाई पाहणीत तो ६१८ वर आला. बाबांनी ते आपल्या वहीत उतरवून ठेवले होते.

एका वळणावर वाटाड्याने हात वर केला. दूर कुठेतरी कर्कश, खुळखुळ्यासारखा आवाज आला. "तेच," तो म्हणाला. "आता बसायचं. बोलायचं नाही." आम्ही एका आडव्या खोडावर बसलो. दहा मिनिटे गेली, वीस गेली, अर्धा तास गेला. आवाज पुन्हा आला, पण झाडांत काही हलेना. मी घड्याळ पाहिले. आठ वाजून गेले होते. बाबा अगदी गप्प बसले होते. मला वाटले, त्यांची एकाग्रता झाली आहे. एकदा हळूच विचारले, "बाबा, थंडी वाजते का?" त्यांनी उत्तर दिले नाही. श्रवणयंत्र कानटोपीखाली दबले असेल, असे वाटून मी पुन्हा वर पाहू लागले.

तेवढ्यात वाटाडा माझ्या कानाशी वाकला. "ताई, गुरुजींच्या कपाळाला घाम आलाय."

दहा-बारा अंशांच्या थंडीत, अर्धा तास एका जागी बसलेल्या माणसाला घाम. मी त्यांचा हात धरला, तो ओला आणि थंडगार होता. "बाबा, मी कोण?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओठ हलवले, पण शब्द नीट जुळला नाही. कोटाच्या आतल्या खिशात उबेला ठेवलेले यंत्र काढले. साखर ५४ होती.

कारण उघड होते. गोळी सहाला दिली, तासाभराने होणारी न्याहारी झाली नाही, त्यात चालणे आणि थंडी. बाबांना हृदयासाठी जी गोळी चालू आहे, तिच्यामुळे साखर उतरल्याची छातीतली धडधड आणि हाताची थरथर झाकली जाते. घाम मात्र झाकला जात नाही. हे मी अनेकदा रुग्णांना समजावून सांगितले आहे. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचा घाम मला दिसला नाही, कारण मी झाडाकडे पाहत होते आणि त्यांच्या गप्प बसण्याला मी मनातल्या मनात एक सुंदर नाव देऊन टाकले होते.

बाबांना गिळता येत होते. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात विरघळवून घोट घोट पाजले. अशा वेळी पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा साखर मोजायची, हा नियम. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नसते, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात हलवायचे. वाटाड्याने स्वतःची घोंगडी बाबांच्या खांद्यांवर टाकली आणि त्यांच्या पाठीशी टेकण म्हणून बसला. कोणी बोलत नव्हते. मी घड्याळ आणि बाबांचा चेहरा यांच्यामध्ये नजर फिरवत होते. त्या पंधरा मिनिटांत दोनदा मनात आले, की भावाला हे मी कसे सांगणार. नाही म्हणणारी मी, आणि घेऊन आले ती मी.

पंधरावे मिनिट झाले तशी मी पुन्हा बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि आकड्याची वाट पाहू लागले. तेव्हाच बाबांचा हात माझ्या हातातून किंचित वर उचलला गेला.

"आलं," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ होता.

यंत्रावर ९२ आकडा आला. मी तो वाचला, खात्री करून पुन्हा वाचला, आणि वर पाहिले तेव्हा जांभळाची एक फांदी वरखाली झुलत होती. तिच्यावर कोणी नव्हते.

"पाहिलंत का ताई?" वाटाड्याने विचारले.

"नाही," मी म्हणाले.

"मी पाहिलं," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग परत येत होता. "आधी शेपटी. इतकी मोठी! मला वाटलं, वेलीचा झुपका आहे. मग तो झुपका फिरला. पाठ तांबूस, पोट साईसारखं. मागचे पाय फांदीला धरून उलटं लोंबकळलं आणि दोन्ही हातांत काहीतरी धरून खात होतं. मग आमच्याकडे पाहिलं. अगं, सरळ आमच्याकडे."

मग बटाट्याची भाजी आणि पोळी निघाली. या प्रकारच्या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे ग्लुकोज पाजून निर्धास्त होऊ नये. वर पोटभर खाणे आणि दिवसभर लक्ष ठेवणे आवश्यक असते. त्या दिवशी मी दर दोन तासांनी साखर मोजली. बाबांनी एकदाही कुरकुर केली नाही. उलट वाटाड्याला यंत्र कसे चालते ते समजावून दिले. "तुझ्या बापाला सांग, तपासून घे म्हणावं. चौथीत असतानाही गूळ फार खायचा."

दुपारी ऊन चढल्यावर डोंगराच्या काठाजवळच्या एका सपाट जागी थोडा वेळ बसलो. खाली कोकण धुरकट दिसत होते. बाबांनी काठीने दिशा दाखवली. "त्या तिकडे काशेळे. अलीकडे खांडस. शाळा तिथे. तेव्हा पत्र्याची होती. पावसात पत्रा वाजायला लागला, की शिकवणं बंद आणि गोष्टी सुरू. पोरं शेकरूची गोष्ट सांगायची आणि मी अस्वलाची." वाटाडा हसला. म्हणाला, "बाबा अजून सांगतो ती अस्वलाची गोष्ट."

परत आल्यावर मी भावाला सगळे सांगितले, घामासकट. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, तिकडेसुद्धा वाटाडे पहिली गोष्ट हीच सांगतात. अस्वल पाहताना शेजारच्याकडे लक्ष ठेवा."

आठवड्यातून दोन दिवस मी खालापूर तालुक्यातही रुग्ण तपासते. तिथे सत्तरी ओलांडलेल्या एक आजी गुडघ्यांसाठी येतात. महडच्या वरदविनायकाला एकदा जाऊन येऊ का, असे त्यांनी मला दोन वर्षांत दोनदा विचारले होते. देऊळ त्यांच्या घरापासून काही फार लांब नाही. दोन्ही वेळा मी, "कशाला उगीच? गुडघे दुखतील," असे म्हणून पुढची चिठ्ठी लिहिली होती. भीमाशंकरहून आल्यावर त्या पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी विचारले नाही. मीच विचारले. रिक्षा कुठपर्यंत जाते, आधाराला कोण येईल, उभे राहायचे किती, मध्ये बसायला जागा कुठे, हे सुनेबरोबर बसून ठरवले. दहा मिनिटे लागली. बाहेर रुग्णांची रांग होती, तरी दहाच मिनिटे लागली. गुडघे दुखले. दुसऱ्या दिवशी शेकून बरे झाले. पुढच्या खेपेला त्या माझ्यासाठी प्रसाद घेऊन आल्या.

सर्वांनाच सर्व ठिकाणी जाऊ द्यावे, असे माझे म्हणणे नाही. चर्चिलला बाबांना मी आजही पाठवणार नाही. परंतु घरातल्या वृद्ध माणसाला नाही म्हणताना मी आता दोन गोष्टी करते. या महिन्यात आपण किती वेळा नाही म्हटले, ते मोजते. आणि जे मागितले त्याच्या जवळपासचे काय जमेल, हे त्या माणसालाच ठरवू देते. कर्नाळा मी सुचवले होते, तेव्हा ती माझी सोय होती. शेकरू बाबांनी स्वतः मागितले.

सांभाळणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र ठळक अक्षरांत घरात लिहून ठेवावी. जेवणाबरोबर घ्यायची साखरेची गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घड्याळाकडे पाहून द्यायचे नसते, ताटाकडे पाहून द्यायचे असते. प्रवासात जेवण समोर आल्याखेरीज ती द्यायची नाही. आणि मधुमेही माणूस अचानक गप्प झाला, चिडचिडा झाला, अडखळू लागला किंवा थंडीत घामाघूम झाला, तर आधी साखर मोजावी. यंत्र नसेल तर साखरपाणी पाजावे आणि मग विचार करावा.

यंदा बाबा ऐंशी वर्षांचे झाले. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेले शेकरूचे चित्र आहे. शेपटी जरा जास्तच मोठी आहे, पण ती तशीच होती असे ते म्हणतात, आणि मी पाहिलेली नसल्यामुळे मला वाद घालता येत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी भिगवणच्या रोहित पक्ष्यांची चौकशी सुरू केली. भीमाशंकरला उगम पावलेल्या भीमेचे पाणी उजनीच्या धरणात अडते. तिथे हिवाळ्यात हे पक्षी उतरतात आणि तिथले मच्छीमार होडीतून ते दाखवतात. पहाटे निघावे लागते. बाबांच्या वहीत तयारीचे पान उघडलेले आहे. होडीत चढताना कोणाचा हात धरायचा, कानटोपी कोणती, पाण्याची बाटली कोणाकडे. त्या पानावर सर्वांत वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : न्याहारी आधी.